मुलांच्या खेळाला पुरणारी हिरवळ: बी निवडण्यापासून पहिल्या खेळापर्यंत

अंगणात लॉन करायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिली गोष्ट होते ती बियांची पुडी मागवण्याची. पुडीवर गर्द हिरव्या गवताचं चित्र असतं आणि 'सात दिवसांत उगवण' असं लिहिलेलं असतं. बी पेरलं की सहाव्या-सातव्या दिवशी खरंच हिरवं होतं. होळीपर्यंत सगळं छान दिसतं, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पिवळे चट्टे पडतात आणि मे महिन्यात मुलं सुट्टीत खेळायला उतरतात तेव्हा खाली माती उरलेली असते. मग घरातले म्हणतात, आपल्या मातीतच काही तरी दोष आहे.

दोष मातीत नसतो, क्रमात असतो. बी सगळ्यात शेवटी विकत घ्यायचं असतं. आधी ऊन मोजायचं, मग पायांची वर्दळ, मग पाणी. या तीन गोष्टींवरून गवताची जात ठरते, आणि जात ठरल्यावर पुडी. खाली तोच क्रम दिला आहे. आकडे 1000 चौरस फुटांच्या अंगणासाठी आहेत. तुमची जागा निम्मी असेल तर निम्मे धरा. हवामान महाराष्ट्राचं धरलं आहे.

## टप्पा 1: ऊन मोजा, तेही डिसेंबरात

खेळ सोसणाऱ्या गवताची पहिली अट थेट ऊन ही आहे. तुडवलेलं गवत नवे कोंब टाकून भरून येतं आणि त्या कोंबांना लागणारी ताकद उन्हातून मिळते. सावलीतलं गवत जगतं, पण मोडलं की भरून येत नाही.

इथे हमखास फसगत होते. लोक मे महिन्यात अंगण बघतात. पुण्यात 13-14 मेच्या सुमारास शून्य सावली दिवस असतो, म्हणजे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर. त्या दिवसांत सगळं अंगण उन्हातच दिसतं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र पुण्याच्या आकाशात दुपारचा सूर्य जेमतेम 48 अंशांवर असतो. तुमच्या दक्षिणेला 30 फूट उंच इमारत असेल, तर भर दुपारी तिची सावली सुमारे 27 फूट उत्तरेकडे पसरते. मेमध्ये उन्हात असलेला अर्धा पट्टा हिवाळाभर सावलीत जातो, आणि तिथलं गवत जानेवारीतच विरळ होतं.

म्हणून 20 डिसेंबरच्या आसपास एक सुट्टीचा दिवस काढा. सकाळी 9, 11, दुपारी 1, 3 आणि 5 वाजता सावलीची कड रांगोळीने आखा. संध्याकाळी गच्चीवरून एक फोटो घ्या. कुठे किती तास ऊन मिळतं ते त्यावरून कळेल.

- 6 तास किंवा जास्त थेट ऊन: खेळाची हिरवळ इथेच.
- 4 ते 6 तास: हिरवळ होईल, पण खेळ हलका ठेवावा लागेल.
- 4 तासांहून कमी: इथे बी पेरूच नका.

आंब्याच्या किंवा बकुळीच्या गच्च झाडाखाली दर वर्षी नवं बी टाकणारी घरं मी पाहिली आहेत. तिथे फरशी, खडी किंवा सावलीतली झुडपं लावा आणि मुलांसाठी एक बाक ठेवा. दुपारी खेळून दमल्यावर बसायला तीच जागा त्यांना आवडते.

तपासणी: एखादं झाड छाटून ऊन वाढवणार असाल, तर आधी छाटणी करून घ्या आणि मगच मोजा. 'पुढे छाटू' या भरवशावर जात निवडू नका. शहरात झाड तोडायला किंवा मोठ्या फांद्या छाटायला महापालिकेची परवानगी लागते, तो वेळही धरा.

## टप्पा 2: पावलं कुठे पडतात ते आखा

'मुलं खेळतात' एवढं पुरेसं नाही. कुठे, काय आणि रोज किती वेळ, हे बघा. पूर्ण अंगण सारखं तुडवलं जात नाही. झीज चार-पाच ठिकाणीच होते: फाटकापासून दारापर्यंतची वाट, झोपाळ्याखालची जागा, स्टंपांसमोरची हातभर जमीन, गोलंदाज जिथे पाय आपटतो ती जागा, आणि घरात कुत्रा असेल तर कुंपणालगतचा त्याचा फेरा.

रोज त्याच वाटेने दहा माणसं गेली तर जगातलं कुठलंही गवत तिथे टिकत नाही. त्या वाटेवर बी पेरण्याऐवजी शहाबादी फरशीचे तुकडे पावलापावलाच्या अंतरावर बसवा. त्यांचा माथा मातीच्या पातळीलाच ठेवा, म्हणजे गवत कापायचं यंत्र वरून सरळ जाईल. झोपाळ्याखाली रबरी चटई किंवा वाळूचा खड्डा करा. एवढं केलं की उरलेल्या गवतावरचा अर्धा भार कमी होतो. हे बी आणण्याआधी ठरवायचं, कारण फरशा नंतर बसवायच्या तर उगवलेलं गवत उखडावं लागतं.

## टप्पा 3: पाण्याचा हिशेब प्रामाणिकपणे करा

घाटमाथ्यापलीकडे, देशावर आणि विदर्भात, एप्रिल-मेमध्ये खेळती हिरवळ हिरवी ठेवायची तर आठवड्याला साधारण 25 ते 30 मिलिमीटर पाणी लागतं. 1000 चौरस फुटांना ते 2500 लिटरच्या आसपास जातं. महिन्याला दहा-बारा हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर.

एवढं पाणी नसेल तरी हिरवळ करता येते, पण मग उन्हाळ्यात ती तपकिरी होऊन झोपेल आणि वळवाच्या पावसाने पुन्हा उठेल, हे मान्य करावं लागेल. हरळीला हे जमतं. मात्र झोपलेल्या हरळीवर रोज क्रिकेट खेळलं तर ती झिजते, कारण त्या काळात ती नवे कोंब टाकत नाही. स्वयंपाकघराचं किंवा आंघोळीचं सांडपाणी वापरणार असाल, तर साबणाचं पाणी कोवळ्या रोपांना देऊ नका. हिरवळ बसल्यावर, आलटून पालटून साध्या पाण्याबरोबर चालतं.

## टप्पा 4: जात ठरवा

हरळी, म्हणजेच बर्म्युडा. पूर्ण ऊन आणि दणकट खेळ असेल तर माझं उत्तर एकच आहे. शेतकरी जन्मभर जी खणून काढतो आणि आपण गणपतीला जिच्या जुड्या वाहतो, तीच ही दूर्वा. शेतात ती त्रासदायक ठरते ज्या गुणामुळे, त्याच गुणासाठी आपल्याला ती हवी: जमिनीवरून धावणारे कोंब आणि जमिनीखालून धावणारे कोंब, दोन्ही तिच्याकडे आहेत. वरचं सगळं खरवडलं गेलं तरी ती खालून वर येते. हीच ताकद फुलझाडांच्या वाफ्यात घुसते, म्हणून कडेने विटा किंवा दगड निदान 15 सेंटिमीटर खोल गाडावे लागतात.

शेताच्या बांधावरची हरळी आणून लावली तर चालेल का, असं नेहमी विचारतात. चालेल, पण ती भरड असते, पेरे लांब असतात आणि मुळांबरोबर लव्हाळा या चिवट तणाच्या गाठी येतात. हिरवळीसाठी निवडलेल्या बर्म्युडाचं पान बारीक असतं आणि गादी दाट होते.

झोयसिया जपोनिका. 4 ते 6 तासांच्या उन्हात हे चालतं. पान कडक, गादी दाट, तुडवण सोसतं. पण फार हळू वाढतं. उगवायलाच दोन-तीन आठवडे, जमीन झाकायला एक पूर्ण हंगाम किंवा त्याहून जास्त. मोडलेला चट्टा भरायलाही तेवढाच वेळ घेतं. मुलं लहान असतील आणि रांगण्या-बसण्यापुरता वापर असेल तर उत्तम. क्रिकेटसाठी नाही.

बहिया. हलक्या मुरमाड जमिनीत, कमी पाण्यावर, मोठ्या प्लॉटवर टिकतं. दिसायला भरड, आणि पावसाळ्यात इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचे तुरे इतक्या वेगाने येतात की दर आठवड्याला कापावं लागतं. फार्महाउसच्या मोकळ्या पट्ट्यासाठी विचार करा.

रायग्रास. सात दिवसांत उगवणारं ते हेच. इंग्लंडमध्ये खेळाच्या हिरवळीसाठी हे पहिल्या पसंतीचं, आणि तिथे ते योग्यच आहे. ते थंड हवेचं गवत आहे. आपल्या एप्रिलमध्ये ते मरतं. झोपत नाही, मरतं. टॉल फेस्क्यू आणि केंटकी ब्लूग्रास यांचीही देशावर तीच गत. 'सर्व ऋतूंसाठी मिश्रण' अशा पुडीत बहुतेक वेळा रायग्रासचं प्रमाण मोठं असतं. ते झपाट्याने उगवून हरळीच्या कोवळ्या रोपांवर सावली धरतं आणि उन्हाळ्यात स्वतः जाऊन मोकळे चट्टे ठेवतं. त्यामुळे महाराष्ट्रातल्या खेळाच्या हिरवळीला मिश्रण घेऊ नका. एकच जात पेरा.

सावध: 'कार्पेट लॉन' हे गवताच्या जातीचं नाव नाही. नर्सरीत त्याचा अर्थ तयार गादीचे तुकडे असा असतो. आत कोणतं गवत आहे ते वेगळं विचारावं लागतं. 'सिलेक्शन वन' ही लॉनची जात आपल्याकडे गादी किंवा ठोंब्यांच्या, म्हणजे मुळासकट काढलेल्या जुड्यांच्या, रूपात घेतात. त्या नावाची बियांची पुडी कोणी देत असेल तर आत कोणती जात आहे हे लेखी मागा. आणि 'टिफवे 419' या प्रसिद्ध संकरित बर्म्युडाचं बी असूच शकत नाही, ती जात वांझ आहे. ती ठोंब्यांनीच लावतात. त्या नावाचं बी दिसलं तर दुकान बदला.

परदेशात असलेल्यांसाठी एक परिच्छेद पुरे. ब्रिटनमध्ये असाल तर रायग्रासबहुल खेळाचं मिश्रण चौरस मीटरला 30 ते 35 ग्रॅम, सप्टेंबरात किंवा एप्रिलमध्ये. न्यू जर्सीच्या बाजूला टॉल फेस्क्यू, ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. सिडनीत आपल्या हरळीलाच 'काउच' म्हणतात. तिथे सूर्य उत्तरेला असतो, म्हणून सावलीचा हिशेब उलटा धरा. आणि तिथे बनवलेले व्हिडिओ गावाकडच्या भावाला पाठवताना त्याला गवताची जात आवर्जून सांगा. आपल्याकडच्या अर्ध्या चुका त्या व्हिडिओंतून आल्या आहेत.

## टप्पा 5: पेरणीची वेळ पकडा

हरळी उगवायला माती ऊबदार लागते, निदान 20 अंश, आणि 24 ते 35 मध्ये ती जोमाने येते. त्यावरून दोन खिडक्या मिळतात.

पहिली, फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. पाण्याची सोय असेल तर मला हीच आवडते. पावसाआधी तीन महिने मिळतात, मुळं धरतात. विदर्भात मार्चच्या पहिल्या आठवड्यापलीकडे जाऊ नका. एप्रिलच्या उन्हात वरचा सेंटिमीटरभर थर तासाभरात वाळतो.

दुसरी, ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, पाऊस ओसरल्यावर. ज्या जागेत तण फार आहे तिथे ही बरी, कारण उन्हाळा आणि अर्धा पावसाळा तण मारायला मिळतो. कोकणात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर.

जूनची सरळ पेरणी टाळा. माझी स्वतःची पहिली हिरवळ मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेरली होती. पाणी देण्याचे कष्ट वाचतील असं वाटलं. तिसऱ्या दिवशी तासभर धो-धो पाऊस झाला आणि पंधरा दिवसांनी फाटकाजवळच्या गटाराच्या कडेने दाट हिरवी रेघ उगवली. अंगण कोरडं. हरळीचं बी खसखशीपेक्षा हलकं असतं, एवढं त्या पावसाने मला कायमचं शिकवलं. देशावर डिसेंबर-जानेवारीतही पेरू नका. थंड रात्रींत बी पडून राहतं आणि मुंग्या ते नेतात.

तपासणी: पेरल्यापासून 8 ते 10 आठवडे अंगण बंद ठेवावं लागेल. फेब्रुवारीच्या मध्यावर पेरलंत तर मेच्या पहिल्या आठवड्यात मुलं उतरतील, सुट्टी हाताशी राहील. मार्चअखेर पेरलंत तर ऐन सुट्टीत दोरी बांधून त्यांना बाहेर ठेवावं लागेल, आणि ते होत नाही. आधी घरातलं वेळापत्रक बघा.

## टप्पा 6: जमीन तयार करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पेरणीच्या आधी निदान सहा आठवडे.

6.1 तण. लव्हाळा हा खरा शत्रू. वरचा पाला उपटला तर खालच्या गाठीतून पुन्हा येतो, एकाच्या जागी तीन. जमीन एक कुदळ खोल खणा, गाठी हाताने वेचा, पाणी द्या, दहा-पंधरा दिवस थांबा. जे उगवेल ते खुरप्याने गाठीसकट काढा. असं तीनदा. घाई झालेले लोक एकदाच करतात आणि पुढची पाच वर्षं खुरपत बसतात.

सप्टेंबरात पेरणार असाल तर एप्रिल-मेमध्ये जमीन भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे ताणून ठेवा, कडा मातीने बुजवा. आतल्या उष्णतेने वरच्या थरातलं तणांचं बी मोठ्या प्रमाणात मरतं. काळं प्लास्टिक इतकं तापवत नाही. लव्हाळ्याच्या खोल गाठी पारदर्शक प्लास्टिकनेही सगळ्या मरत नाहीत, त्या पावसाळ्यात वेचाव्याच लागतात. प्लास्टिक काढल्यावर मात्र खोल खणू नका, नाहीतर खालचं जिवंत बी वर येईल.

6.2 निचरा. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या. पुन्हा भरा आणि पातळी मोजा. तासाला दोन-तीन सेंटिमीटर उतरलं तर ठीक. काळ्या मातीत बहुतेक वेळा उतरत नाही. तिथे लोक चार पाट्या वाळू टाकतात. त्याने काहीच होत नाही, उलट माती अधिक घट्ट बसते. त्यापेक्षा कुजलेलं शेणखत वाढवा आणि उतार द्या.

6.3 उतार. घरापासून दूर, 10 फुटांना 2 इंच. दोन खुंट्या, दोरी आणि पाण्याची नळी एवढ्यावर हे होतं. पाणी साचणारा तळहाताएवढा खळगासुद्धा पावसाळ्यात चट्टा होतो.

6.4 खत. पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत एक इंच जाडीने पसरायला 1000 चौरस फुटांना एक ब्रासपेक्षा (100 घनफुटांपेक्षा) थोडं कमी लागतं. वरच्या सहा इंचांत मिसळा. त्याबरोबर एक किलो डीएपी, म्हणजे नत्र-स्फुरदाचं दाणेदार रासायनिक खत. कच्चं शेण आणू नका. त्यातून तणांचं बी आणि हुमणीची अंडी-अळ्या येतात.

सावध: विकतची 'लाल माती' ट्रॉलीतून उतरवण्याआधी दोन-तीन ठिकाणी हात घालून बघा. हरभऱ्याएवढ्या काळ्या-तपकिरी गाठी हाताला लागल्या तर तो लव्हाळा आहे. ट्रॉली परत पाठवा.

6.5 बसवणं. ढेकळं फोडा, दंताळ्याने सारखं करा, भरपूर पाणी देऊन माती बसू द्या. वापसा आला, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की पुन्हा सारखं करा, हलका रोलर फिरवा. चिखलात रोलर फिरवलात तर वर पापुद्रा धरेल.

तपासणी: तयार जमिनीवरून चालून बघा. पाऊल सेंटिमीटरभर खचलं तर बरोबर. घोटा रुतला तर अजून बसवा. ठसाच उमटत नसेल तर दंताळं पुन्हा फिरवा.

## टप्पा 7: आता बी विकत घ्या

शेतकरी घरातली माणसं सोयाबीनच्या पिशवीवरचं लेबल वाचतात, तीच सवय इथेही हवी. चार गोष्टी शोधा: जातीचं नाव, शुद्धतेची टक्केवारी, उगवणीची टक्केवारी आणि चाचणीची तारीख. नुसतं 'लॉन ग्रास' लिहिलेली पुडी म्हणजे नाव नसलेलं औषध. चाचणी वर्षापूर्वीची असेल तर घेऊ नका.

टक्केवारीचा हिशेब असा. शुद्धता 95 टक्के, उगवण 80 टक्के. गुणाकार 76 टक्के. म्हणजे 500 ग्रॅम जिवंत बी हवं तर 660 ग्रॅम विकत घ्यावं लागेल.

बर्म्युडाचं बी तीन रूपांत मिळतं. टरफल काढलेलं एक ते दोन आठवड्यांत उगवतं, आपल्याला तेच हवं. टरफलासकट असलेलं दोन ते चार आठवडे घेतं, तेवढे दिवस ओल राखणं अवघड. तिसरं लेप दिलेलं, निळं किंवा हिरवं दिसणारं. लेप वाईट नाही, पण पुडीच्या वजनात निम्मा लेपच असू शकतो. किंमत बघताना आणि प्रमाण काढताना ते धरा.

प्रमाण: टरफल काढलेलं, लेप नसलेलं बी 1000 चौरस फुटांना 500 ते 700 ग्रॅम. एवढंसं वाटतं, पण किलोत चाळीस लाखांहून जास्त बिया असतात; 500 ग्रॅममध्ये चौरस इंचाला चौदा-पंधरा पडतात. 'दाट यावं' म्हणून दुप्पट टाकलं तर रोपं एकमेकांत गुदमरतात, बुरशीने बसतात. बहियाचं बी मोठं असतं, त्याला अडीच ते पाच किलो लागतं. एकाचं प्रमाण दुसऱ्याला लावू नका.

घरची उगवण चाचणी. स्टीलच्या ताटात ओला टिपकागद पसरा, पांढऱ्या कागदावर 100 बिया मोजून त्यावर मांडा, वर पातळ पारदर्शक पिशवी घाला आणि उजेडात, पण थेट उन्हाबाहेर ठेवा. कपाटात कोंडू नका, या बियाला उगवताना उजेडाची मदत होते. रोज शिंपडा. सातव्या आणि चौदाव्या दिवशी मोजा. 70 च्या वर आल्या तर पेरा. 50 च्या आत असतील तर पुडी परत करा. जास्त बी टाकून हे भरून निघत नाही. ही चाचणी करता यावी म्हणून बी पेरणीच्या तीन आठवडे आधी हातात हवं, त्याआधी नको. उरलेलं बी कोरड्या डब्यात, थंड जागी.

## टप्पा 8: पेरणी

वारा नसलेली सकाळ निवडा.

1. अंगणाचे दोरीने चार सारखे भाग करा. बीही तोलून चार वाटे करा. मापाशिवाय हाताने टाकलं की पहिल्या कोपऱ्यात बी संपतं.
2. प्रत्येक वाट्यात दहापट कोरडी बारीक वाळू मिसळा. त्यामुळे बी कुठे पडलं ते दिसतं आणि मुठीत सारखं येतं.
3. प्रत्येक वाट्याचा निम्मा भाग उत्तर-दक्षिण चालत टाका, निम्मा पूर्व-पश्चिम.
4. खराटा उलटा धरून अगदी हलका फिरवा. बी 3 ते 5 मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. काही बिया वर दिसत राहतील, राहू द्या. वरून इंचभर खत पसरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. एवढ्या खालून हे बी वर येत नाही.
5. हलका रोलर फिरवा. नसेल तर फळी ठेवून तिच्यावर उभे राहा, फळी पुढे सरकवत जा. बी आणि माती चिकटली पाहिजेत.
6. वर भाताचा पेंढा इतका विरळ पसरा की निम्मी माती दिसत राहील. पाखरं, मुंग्या आणि पाण्याचे थेंब यांपासून थोडं संरक्षण मिळतं. उगवण दिसताच तो हलक्या हाताने उचला.

## टप्पा 9: पहिले चौदा दिवस

वरचा सेंटिमीटरभर थर सतत ओला हवा. मार्चच्या उन्हात दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी थोडं, बारीक झारीने किंवा फवाऱ्याने. पाइपचा सरळ झोत बी वाहून नेतो. कोंब फुटल्यावर एकदा जरी वरचा थर पूर्ण वाळला तर ते रोप गेलं, नंतर कितीही पाणी दिलं तरी उपयोग नाही. घरात दिवसभर कोणी नसेल तर आधी टायमर लावलेला फवारा बसवा किंवा सप्टेंबरची खिडकी धरा.

दहाव्या दिवशी विरळ दिसतं आणि लोक घाबरून वरून आणखी बी टाकतात. थांबा. सगळ्या बिया एकदम उगवत नाहीत, आणि चौथ्या आठवड्यापासून धावते कोंब मधल्या जागा झाकायला लागतात. एकविसाव्या दिवशीही तळहाताहून मोठी मोकळी जागा दिसली, तर तेवढ्याच जागी पुन्हा बी टाकून नांगे भरा.

तिसऱ्या आठवड्यापासून पाण्याच्या पाळ्या कमी करा आणि प्रत्येक पाळीचं पाणी वाढवा. रोजचं वरवरचं पाणी मुळं वरच ठेवतं, आणि वर राहिलेली मुळं पहिल्याच खेळात उपटतात.

## टप्पा 10: पहिली कापणी, पहिलं खत

गवत 5-6 सेंटिमीटर झालं की 4 वर कापा. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त काढू नका. पातं धारदार हवं. बोथट पातं कोवळी रोपं उपटतं. माती कोरडी असतानाच यंत्र घाला. पुढे खेळाच्या हिरवळीला 3 ते 4 सेंटिमीटर उंची ठेवा आणि वाढीच्या दिवसांत आठवड्याला कापा. वारंवार कापल्याने हरळी आडवी पसरते आणि गादी दाट होते. महिनाभर वाढवून मग खरवडलं तर खालच्या नुसत्या काड्या उघड्या पडतात.

पहिल्या कापणीनंतर 500 ग्रॅम युरिया, पानं कोरडी असताना, वाळूत मिसळून सारखा टाका आणि लगेच भरपूर पाणी द्या. पानावर पडून राहिलेला युरिया पान जाळतो.

रुंद पानाचं तण या काळात हाताने काढा. कोवळ्या हिरवळीवर तणनाशक मारू नका.

## टप्पा 11: मुलांना कधी सोडायचं

दिवस मोजून ठरवू नका, ओढून बघा. चार-पाच ठिकाणी चिमटीत गवत धरून वर खेचा. नुसती पानं तुटली आणि कोंब जमिनीला धरून राहिले तर मुळं बसली. कोंब सहज उचलला गेला तर आणखी दोन आठवडे.

पहिला महिना अनवाणी खेळ, पळापळी, चेंडू. स्पाइकचे बूट आणि सायकल नंतर. स्टंप दर पंधरा दिवसांनी सहा फूट सरकवा, गोलंदाजीचं टोक बदला. मुलांना हे काम द्या. स्टंप कुठे जाणार हे त्यांनी ठरवलं की ते पाळतातही.

पावसाळ्यात टाचेने दाबून बघा. ठशात पाणी आलं तर त्या दिवशी अंगण बंद. ओल्या काळ्या मातीवर एका संध्याकाळी खेळलेला सामना माती इतकी दाबतो की मुळांना हवा मिळत नाही, आणि त्याचे चट्टे ऑक्टोबरात दिसतात. पाऊस संपल्यावर, माती वापशावर असताना, तुडवलेल्या पट्ट्यांत बागेचा काटा चार इंच खोल रोवून वीतभर अंतरावर भोकं पाडा, वर चाळलेलं शेणखत आणि वाळू झाडून घाला आणि तो पट्टा पंधरा दिवस दोरीने बंद ठेवा. हरळीला एवढी विश्रांती मिळाली की ती बाजूने धावत येऊन चट्टा स्वतःच भरते.